चाकं, रूळ आणि वारा: पहिलं यांत्रिक उड्डाण कुणाचं?

गिरकी:
ब्राझीलमध्ये विमानाचा जनक म्हणून अल्बेर्तो सांतोस-दुमों यांचं नाव घेतात, अमेरिकेत राईट बंधूंचं. सांतोस-दुमोंच्या बाजूचे म्हणतात की राईटांचं फ्लायर रुळावरून, जोराच्या वाऱ्यात, पाच साक्षीदारांसमोर उडालं (१७ डिसेंबर १९०३, अमेरिकेत किनाऱ्यावरच्या किटी हॉकजवळ), तर सांतोस-दुमोंचं १४-बीस हे विमान स्वतःच्या चाकांवर धावून पॅरिसच्या बागातेल मैदानात गर्दी आणि पंचांसमोर उडालं: २३ ऑक्टोबर १९०६ ला ६० मीटर, १२ नोव्हेंबरला २२० मीटर.

माझं मत राईटांच्या बाजूने आहे, आणि कारण इंजिन नाही. ते आहे कलण्यावरचा, म्हणजे विमान डावी-उजवीकडे झुकण्यावरचा, ताबा. राईटांच्या विमानात वैमानिक खालच्या पंखावर पालथा झोपायचा. कमरेखाली सरकती चौकट, ती बाजूला ढकलली की तारा पंखांची टोकं पिळायच्या. एका बाजूचा उचल (पंखाला वर नेणारा जोर) वाढला की तिथला हवेचा अडथळाही वाढतो, वर जाणारा पंख मागे ओढला जातो आणि नाक नको त्या दिशेला वळतं. १९०२ च्या ग्लायडरला (बिनइंजिनाच्या विमानाला) मागे स्थिर उभं शेपूट लावल्यावर तर घसरणारा पंख आणखी खाली जाऊन वाळूत रुतायचा. उपाय निघाला तो शेपूट फिरतं करण्याचा आणि त्याच्या तारा कमरेच्या चौकटीला जोडण्याचा. पेटंटचा अर्ज २३ मार्च १९०३ चा आहे आणि त्यात इंजिनाचं विमान नाही, हीच ताब्याची रचना आहे. १९०६ च्या ऑक्टोबरात १४-बीसवर कल सावरायला पंखांच्या वर वळलेल्या ठेवणीशिवाय काहीही नव्हतं.

बागातेलकर:
ताबा महत्त्वाचा, मान्य. पण प्रश्न "कोण उडालं" असा असेल तर वाऱ्याला बाजूला ठेवता येत नाही. पहिलं उड्डाण १२ सेकंद, १२० फूट. म्हणजे जमिनीच्या हिशेबाने सेकंदाला १० फूट, ताशी जेमतेम ७ मैल. माणूस धावत सोबत जाऊ शकतो. बाकी वेग समोरच्या २० ते २७ मैलांच्या वाऱ्याने दिला. शांत हवेत ते रूळ संपेपर्यंत उचललंच नसतं. १४-बीसला ५० अश्वशक्तीचं आंत्वानेत इंजिन होतं, चाकं होती, वाऱ्याची वाट बघावी लागली नाही.

आणि नोव्हेंबरच्या उड्डाणात १४-बीसच्या पंखांच्या बाहेरच्या कप्प्यांत कल सावरणारे अष्टकोनी फिरते पडदे बसवले होते, त्यांच्या तारा वैमानिकाच्या अंगावरच्या पट्ट्याला. तो टोपलीत उभा राहून अंग कलवायचा. तुमच्या कसोटीचा अर्धा भाग तिथे पूर्ण होतो.

गिरकी:
वाऱ्याचं गणित मांडू या, कारण दोन्ही बाजूंना ते नीट मांडलेलं दिसत नाही.

राईटांचं विमान ६०५ पौंड, वैमानिक धरून सुमारे ७५०. दोन्ही फिरत्या पंख्यांचा (प्रोपेलरचा) उभ्या जागचा जोर १३० पौंडांच्या आसपास. म्हणजे सुरुवातीला सेकंदागणिक साडेपाच फुटांनी वेग वाढणार, मग अडथळ्यामुळे कमी कमी होत जाणार. उचलायला हवेच्या तुलनेत ताशी ३१ मैल, म्हणजे सेकंदाला ४५ फूट लागले. शांत हवेत त्यासाठी किमान २०० फूट धाव हवी. रूळ ६० फुटांचा होता, आणि वाऱ्यात ते ४० फुटांतच सुटलं. तेव्हा वाऱ्याने धाव आखूड केली, हे खरं. पण एकदा जमीन सुटली की पंखांना जमीन माहीत नसते. समोरचा वारा तरंगायला फुकट मदत करत नाही, फक्त जमिनीवरचं अंतर खातो. ऑरव्हिल राईटनेच हिशेब दिला होता की ते १२० फूट शांत हवेतले ५४० भरतात. त्याच दिवशीचं चौथं उड्डाण ५९ सेकंद आणि ८५२ फूट. सपाट जमिनीवरून, उतारावरून नाही. (उतारावरचा प्रयत्न १४ डिसेंबरचा. विल्बरने नाक जास्त वर घेतलं, वेग मेला, साडेतीन सेकंदांत खाली. तो त्यांनी स्वतःच उड्डाण म्हणून मोजला नाही.)

तारजोड:
राईटांनी गोफणीसारखी यंत्रणा वापरून विमान उडवलं असा आरोप काही जण करतात, तो १९०३ ला लावू नका, एवढंच सांगायला आलो. मनोऱ्यावरून वजन पाडून दोरीने विमान ओढणं ७ सप्टेंबर १९०४ पासून सुरू झालं, राईटांच्या डेटन गावाजवळच्या हफमन प्रेअरी या मैदानात. वजन १६०० पौंडांपर्यंत. कारण साधं: तिथे किनाऱ्यावरचा वारा नव्हता, आणि जागा उंचावर असल्याने हवाही विरळ.

सुटा_स्क्रू:
मी राईटांच्या बाजूचाच आहे, पण १९०३ ची तारीख मला पटत नाही. ते यंत्र पाहा. एलेव्हेटर (नाक वर-खाली करणारा छोटा पंख) पुढे, गुरुत्वमध्य फार मागे, त्यामुळे नाक वर गेलं की वरच जायचं आणि खाली केलं की आपटायचं. चारही उड्डाणं लाटांसारखी झाली आणि चौथं एलेव्हेटरचा आधार मोडून संपलं. पुढे नाकाखाली ७० पौंडांचं लोखंड बांधावं लागलं, १९०५ ला एलेव्हेटर मोठा करून आणखी पुढे नेला आणि शेपटाचा ताबा पंखांच्या पिळापासून वेगळा केला.

इंजिनाचंही तसंच. राईटांचा कारागीर चार्ली टेलरने ते सहा आठवड्यांत बनवलं याचं मला फार कौतुक आहे. पण त्याला आजच्यासारखा कार्ब्युरेटर नव्हता, पेट्रोल तापलेल्या कप्प्यात ठिबकून वाफ व्हायची. सुरू होताना १६ अश्वशक्ती, आत येणारी हवा तापली की १२.

माझी तारीख ५ ऑक्टोबर १९०५. ३९ मिनिटं, २४ मैल, गोल गोल घिरट्या.

बागातेलकर:
म्हणजे १९०३ चं यंत्र नीट ताब्यात नव्हतं हे तुम्हीच कबूल करताय. मग "ताबा" ही कसोटी १९०६ वर का लावायची?

गिरकी:
कारण उणीव वेगळी आहे. १९०३ मध्ये तिन्ही अक्षांवरचा ताबा होता (कल, नाक वर-खाली, वळण), फक्त नाकाचा नाजूक होता. १४-बीसला मात्र पुढचा रस्ता नव्हता. ४ एप्रिल १९०७ ला पॅरिसजवळच्या सां-सीरला ते ५० मीटरांच्या आसपास जाऊन कोसळलं आणि तिथेच संपलं. राईटांनी पूर्ण वर्तुळ २० सप्टेंबर १९०४ ला घेतलं. युरोपात पहिला एक किलोमीटरचा फेरा आंरी फार्मांने १३ जानेवारी १९०८ ला मारला, तोही विमान न कलवता, घसरत घसरत वळून. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये फ्रान्समधल्या ल मांजवळ विल्बर पंख कलवून वळला.

पुरावा_दाखवा:
साक्षीदारांचं काय? गुप्तता हीच राईटांची कमजोरी. शिवाय राईटांच्या वारसांशी झालेल्या १९४८ च्या करारात स्मिथसोनियन या अमेरिकेतल्या संग्रहालय-संस्थेने लिहून दिलंय की फ्लायरच्या आधी दुसरं कुठलं विमान ताब्यासह उडण्यास समर्थ होतं असं म्हटलं, तर फ्लायर वारसांना परत जाईल. हा निवाडा निष्पक्ष कसा मानायचा?

तारजोड:
करार खरा आहे आणि ते कलम मलाही खटकतं. पण त्याच्या आधीचा इतिहास उलटा आहे. स्मिथसोनियनचेच तेव्हाचे प्रमुख लँग्ली यांचं विमान ७ ऑक्टोबर आणि ८ डिसेंबर १९०३ ला पोटोमॅक नदीत पडलं होतं. १९१४ ला ते बरेच बदल करून उडवलं आणि "आधी उडू शकलं असतं" असं संस्थेनं जाहीर केलं. म्हणून ऑरव्हिलने फ्लायर १९२८ ला लंडनला पाठवलं. संस्थेनं चूक कबूल केली १९४२ ला. कलम त्या भांडणातून आलं. साक्षीदार म्हणाल तर १९०४ च्या वर्तुळाचं वर्णन अमोस रूट यांनी स्वतः पाहून जानेवारी १९०५ च्या त्यांच्या मधमाशीपालनाच्या मासिकात छापलं. बागातेलच्या पावणेदोन वर्षं आधी.

चौपाटी_१८९५:
शिवकर बापूजी तळपदे यांचं नाव या धाग्यात कुणीच घेतलं नाही. १८९५, मुंबईची गिरगाव चौपाटी, मरुत्सखा विमान, १५०० फूट उंची.

सुटा_स्क्रू:
तळपदेंबद्दल आदर ठेवूनच लिहितो. त्या दिवसाची बातमी असलेला अंक आजवर कुणी पुढे ठेवलेला नाही. आणि मरुत्सखात पाऱ्याचं आयन इंजिन (विद्युतभारित कण मागे फेकून जोर मिळवणारं) होतं असा जो दावा केला जातो त्याचे आकडे पाहा: १९७० च्या सर्ट-२ उपग्रहावरच्या पाऱ्याच्या आयन इंजिनाचा जोर २८ मिलिन्यूटन, म्हणजे ३ ग्रॅम वजनाइतका, आणि तोही निर्वातात. हवेत आयन रेणूंवर आपटून तिथेच थांबतात. ‘वैमानिक शास्त्र’ या संस्कृत ग्रंथाचा आधार दिला जातो, पण बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या पाच जणांनी १९७४ ला तपासून तो ग्रंथ १९०४ च्या आधीचा नाही आणि त्यातली विमानं उडू शकत नाहीत असं दाखवलं. तळपदेंनी काय बांधलं हे शोधायचं असेल तर आराखडा, वजन आणि इंजिन यांचा समकालीन कागद हवा.

बागातेलकर:
मग तोच कागद मी १९०६ साठी दाखवतो: १२ नोव्हेंबरला पंचांनी मोजलेलं अंतर, २१.५ सेकंदांची नोंद, आंतरराष्ट्रीय हवाई महासंघाने मान्य केलेला पहिला विक्रम. "पहिलं उड्डाण" राईटांना देतो. "चाकांवरून, स्वबळावर, अधिकृत मोजणीखाली पहिलं" हे सांतोस-दुमोंचंच राहील.

गिरकी:
हे वाक्य मला मान्य आहे. युरोपातलं पहिलं, असंही त्यात जोडा.