लाकडी डेकचं रेलिंग: काच, केबल की उभ्या सळया?

ओटीवरचा:
घरामागे लाकडी डेक तयार झालाय, रेलिंग तेवढं बाकी आहे. माप ४.८ बाय ३ मीटर. एक लांब बाजू घराच्या भिंतीला लागून, उरलेल्या तीन मोकळ्या. एका आखूड बाजूला ९०० मिमी रुंदीचा जिना उतरतो. डेकची जमिनीपासून उंची १.४ मीटर. कडेची तुळई ५० बाय २०० मिमी, ट्रीटेड (कुजू नये म्हणून रसायन मुरवलेल्या) लाकडाची, वर २५ मिमीच्या फळ्या. समुद्र अगदी जवळ, खारा वारा थेट येतो. घरात दोन लहान मुलं, एक चार वर्षांचं, दुसरं नुकतंच चालायला लागलेलं.

समोरचं दृश्य झाकू नये म्हणून काच डोक्यात आहे. फॅब्रिकेटर एसएस केबल, म्हणजे स्टेनलेस स्टीलच्या आडव्या तारा लावा म्हणतो. सुताराचं म्हणणं, ९० बाय ९० चे लाकडी खांब खालून खाच मारून तुळईवर बसवू, मध्ये काय हवं ते भरा. देखभाल कमीत कमी हवी. काय निवडावं?

लोहारकाम:
काच की केबल हे नंतर बघू. आधी खांब तुळईला कसा धरणार ते ठरवा. रेलिंग पडतं ते बहुतेक वेळा खांबाच्या बुडाशी. मधली सळई तुटून माणूस पडला असं फारसं होत नाही.

हिशोब साधा आहे. रेलिंगच्या माथ्यावर कुठेही साधारण ९० किलोचा आडवा जोर आला तरी ते टिकायला हवं, असं धरून चालतात. माथा फळीपासून १ मीटर वर. खांब तुळईला बाहेरून दोन बोल्टांनी आवळलाय, वरचा फळीच्या पृष्ठभागापासून ७५ मिमी खाली, खालचा त्याच्याही खाली १२५ मिमी. म्हणजे जोर लागतो तिथपासून खालचा बोल्ट १२०० मिमीवर. ९० गुणिले १२०० भागिले १२५, वरच्या बोल्टवर सुमारे ८६० किलोची ओढ. माथा ११०० मिमीवर नेलात तर ९३० च्या पुढे. आता ती कडेची तुळई आतल्या आडव्या तुळयांना कशाने जोडलीय? बहुधा टोकात ठोकलेल्या खिळ्यांनी, म्हणजे लाकडाच्या रेषांच्या दिशेने गेलेल्या. तसे खिळे उपसून यायला फार जोर लागत नाही. खांब शाबूत राहतो आणि तुळईच बाहेर वळते.

त्यामुळे:
- लाकडात फिरवून बसवायचे जाड स्क्रू नकोत. १२ मिमीचे आरपार बोल्ट, दोन्ही बाजूंना मोठा वायसर.
- वरच्या बोल्टला आतून लोखंडी पट्टी-ब्रॅकेट, जे आतल्या तुळईच्या अंगाला स्क्रूने धरलेलं असेल. ओढ कडेच्या तुळईवर न राहता आत जाते.
- ज्या बाजूला आतल्या तुळया कडेला समांतर धावतात, तिथे प्रत्येक खांबामागे दोन तुळयांच्या मध्ये पूर्ण उंचीचे ठोकळे भरा. पहिल्या गाळ्यात आणि त्याच्या आतल्या गाळ्यातही.

खाच मारायची सुताराची कल्पना सोडून द्या. ९० मिमीच्या खांबाला ४० मिमीची खाच मारली की जिथे ताण सर्वांत जास्त तिथेच लाकूड निम्मं. वर खाचेच्या कोपऱ्यातून उभी चीर जाते, आणि त्या चिरेत पाणी मुरतं. दिसायला सुबक, एवढंच.

गुण्या:
काचेबद्दल. नुसती टफन (तापवून झटकन थंड करून कणखर केलेली) काच रेलिंगला लावू नका. फुटली की एका क्षणात बारीक खडे होऊन खाली, आणि मागे उरते मोकळी जागा. दोन टफन काचा मध्ये पीव्हीबीचा (चिवट पारदर्शक प्लास्टिकचा) थर देऊन चिकटवलेली लॅमिनेटेड घ्या. एक काच फुटली तरी फलक जागेवर राहतो. दोन खांबांच्या मध्ये धरायची असेल तर ६+१.५२+६ (मिमीमध्ये: काच, पीव्हीबी, काच) चालते. खांबच नको, तळाच्या चॅनलमधून काच वर उभी करायची, तर ८+१.५२+८ च्या खाली बोलायचंच नाही. आणि तसलं चॅनल काँक्रीटवर ठीक, लाकडी डेक लवतो, तिथे मी सुचवणार नाही.

वजन धरा: काच दर मिमी जाडीला चौरस मीटरमागे २.५ किलो. १.४ बाय ०.९ मीटरचा ६+६ फलक जवळजवळ ३८ किलो. शिवाय सळयांमधून वारा निघून जातो, काच तो पूर्ण अंगावर घेते. वर लोहारकाम यांनी मांडलेल्या बोल्टांवर तोही भार.

टफन केलेली काच नंतर कापता येत नाही, भोकही पाडता येत नाही. म्हणून खांब उभे करून, ओळंब्यात आणून, पक्के आवळून मगच प्रत्येक गाळ्याचं माप घ्यायचं. वर, मध्ये, खाली अशी तीन रुंद्या आणि दोन्ही कर्ण. नकाशावरून काच मागवली की एखादा फलक हमखास परत जातो. क्वचित एखादी टफन काच धक्क्याशिवाय आपोआप फुटते. आत अडकलेला निकेल सल्फाइडचा कण त्याला कारण. हीट सोक केलेली, म्हणजे कारखान्यातच भट्टीत तापवून पारखलेली काच मागितली तर ही शक्यता बरीच घटते.

लॅमिनेटेडच्या कडेला पाणी साचू देऊ नका. पीव्हीबी ओलाव्याने कडेकडून पांढुरका होत आत सरकतो, तो पुन्हा स्वच्छ होत नाही. काच खालच्या पट्टीत बसत असेल तर पट्टीला निचऱ्याची भोकं हवीतच.

आता तुमची अडचण. समुद्राजवळ काचेवर मिठाचा धुरकट थर बसत राहतो. पुसत राहिलात तरच दृश्य दिसतं. देखभाल कमी हवी आणि काचही हवी, या दोन मागण्या एकमेकींशी भांडतात.

निळीरेघ:
केबलला माझा विरोध दोन कारणांनी. आडव्या तारा म्हणजे मुलांसाठी तयार शिडी, त्यात एक मूल चार वर्षांचं. दुसरं, तार दाबली की वाकते. बऱ्याच ठिकाणी नियम असतो की रेलिंगमधून १०० मिमीचा गोळा आरपार जाता कामा नये. तारांत १०० मिमी अंतर ठेवलं तर हाताने फाकवून तो सहज जातो. म्हणून तारा ७५ मिमीवर, खांब ९०० ते १२०० मिमीवर. दृश्यासाठी केबल घेतली आणि खांबांची गर्दी झाली, असा प्रकार.

लोहारकाम:
ताणाचंही बघा. एका तारेला ९० ते १०० किलोचा ताण. १३ तारा धरल्या तर टोकाच्या खांबावर कायमची बाराशे किलोच्या आसपास ओढ. ९० चा लाकडी खांब त्याने धनुष्यासारखा वाकतो, तो वाकला की तारा सैल, पुन्हा ताणा, आणखी वाकतो. केबलच लावायची तर टोकाचे खांब लोखंडी घ्या आणि वर दोन खांबांच्या मध्ये ठोस आडवी हँडरेल द्या. ताणायला मधल्या तारेपासून सुरुवात करून वर-खाली आलटूनपालटून जायचं. काही आठवड्यांनी परत एकदा आवळावं लागतं.

निळीरेघ:
एसएसची ग्रेड मात्र लेखी घ्या. खाऱ्या वाऱ्यात ३०४ वर तपकिरी डाग पडतात, ३१६ लागतं. त्यात २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम असतं, खारेपणाला टिकतं ते त्यामुळे. ३०४ च्या नावावर २०२ ही त्याहून हलकी ग्रेड खपवणारेही भेटतात. लोहचुंबकाने ओळखू म्हणाल तर २०२ सुद्धा चुंबकाला जवळपास धरत नाही. थेंब टाकून करायची मॉलिब्डेनम चाचणी मिळते, तिने ३१६ आहे की नाही ते कळतं.

फिनिश जितकं गुळगुळीत तितकं बरं. खरखरीत ब्रश फिनिशच्या चरांत मीठ धरून राहतं. आणि ज्या ग्राइंडरच्या चकतीने साधं लोखंड घासलं, ती एसएसला लावू देऊ नका. लोखंडाचे कण रुततात आणि पंधरवड्यात ठिपके फुटतात, मग ३१६ ला नावं ठेवली जातात. वेल्डिंगची निळी-काळी छटाही पिकलिंग पेस्टने (आम्लाच्या लेपाने) काढून धुवायला हवी, गंज आधी तिथे धरतो.

सागवान:
पावडर कोटेड ॲल्युमिनियमचा विचार केलाय का? उभ्या सळया, ॲल्युमिनियमचे खांब. समुद्राजवळ लाकडी डेकवर सर्वांत कमी कटकट याची, पण बसवणं नीट हवं.

तुमचं लाकूड ट्रीटेड आहे. त्यात तांब्याची रसायनं असतील तर ओलाव्यात ती ॲल्युमिनियम खातात. खांबाच्या बुडाची चपटी बेसप्लेट लाकडावर थेट टेकवू नका, खाली २ ते ३ मिमीचा रबराचा पॅड द्या. स्क्रू-बोल्ट ३१६ चे किंवा हॉट डिप गॅल्व्हनाइज्ड (वितळलेल्या झिंकमध्ये बुडवलेले), साधे पिवळसर झिंकवाले नकोत. एसएसचा स्क्रू ॲल्युमिनियममध्ये जातो तिथे नायलॉनचा वायसर. नाहीतर स्क्रूच्या डोक्याभोवती कोटिंग फुगतं.

सगळी कापाकापी आणि भोकं कोटिंगच्या आधी करून घ्या. जागेवर पाडलेल्या भोकात ॲल्युमिनियम उघडं पडतं आणि कोटिंगखालून दोऱ्यासारखा गंज सरकत जातो.

साधं लोखंड स्वस्त म्हणून कोणी सुचवलं तर फक्त वेल्डिंग पूर्ण झाल्यावर गॅल्व्हनाइज केलेलंच घ्या. पोकळ पाइप असेल तर त्याला हवेची भोकं ठेवायला सांगा. बंद पाइप तापलेल्या झिंकच्या टाकीत फुटू शकतो. तळाचं ६-८ मिमीचं भोक पुढेही उपयोगी, आत साठलेलं पाणी निघून जातं.

ओटीवरचा:
ॲल्युमिनियम नक्की, उभ्या सळया. केबल रद्द. काचेचा मोह समोरच्या बाजूसाठी अजून थोडा आहे, पण बायको म्हणते पुसणार कोण. आता तीन शंका. खांब फळीवर बेसप्लेटने बसतील, ते चालेल का? सळया किती लागतील? जिन्याला हेच रेलिंग तिरकं करून लावायचं का?

लोहारकाम:
बेसप्लेट २५ मिमीच्या फळीत स्क्रूने धरली तर ती शोभेची. १०० मिमीच्या प्लेटमध्ये आतल्या बाजूच्या बोल्टांपासून प्लेटच्या बाहेरच्या कडेपर्यंत मिळतात जेमतेम ८५ मिमी. ९० किलो गुणिले १००० भागिले ८५, म्हणजे हजाराहून जास्त किलो, दोन बोल्टांत वाटून प्रत्येकी पाचशेच्या वर. प्रत्येक खांबाखाली फळीच्या तळाला भिडेल असा १०० मिमी जाडीचा ठोकळा तुळयांच्या मध्ये घट्ट बसवा, तो दोन्ही बाजूंच्या तुळयांना बोल्ट करा, आणि प्लेटचे बोल्ट फळी व ठोकळा दोन्हींमधून आरपार नेऊन खालून वायसर-नट. खालून हात पोचत नसेल तर कडेच्या फळ्या उचला, त्याला पर्याय नाही. किंवा बाहेरून तुळईवर बसणारे साइड ब्रॅकेट घ्या, त्यासाठी वर सांगितलेलं सगळं लागू.

गुण्या:
सळयांचा हिशोब. समोर ४८०० मिमी, ५० मिमीचे चार खांब, मध्ये तीन गाळे: ४८०० वजा २००, भागिले ३, म्हणजे गाळा १५३३ मिमी. सळई १६ मिमीची. १२ सळया घेतल्या तर १३ फटी: १५३३ वजा १९२, भागिले १३, फट १०३ मिमी. बाद. १३ घेतल्या तर १४ फटी, फट ९४.६ मिमी. म्हणून गाळ्याला १३, समोर एकूण ३९. बाजूंचा हिशोब तसाच, पण आधी खांब उभे करून खरं माप घ्या. फट ९९ वर आणून एखादी सळई वाचवू नका, दाबल्यावर ती थोडी फाकतेच. खालच्या आडव्या पट्टीखालची फटही १०० च्या आतच. रांगणारं मूल जातं तिथूनच.

उंची घरगुती डेकला बहुतेक ठिकाणी ९०० ते ११०० मिमीच्या दरम्यान मागतात. तुमच्या भागातला नियम बघा, पण मुलं आहेत तर ११०० घ्या. लोहारकाम यांचे आकडे मग आठ ते दहा टक्क्यांनी वाढतील. बाकडं किंवा कुंड्या रेलिंगला चिकटवून ठेवणार असाल तर उंची बाकड्याच्या बैठकीपासून धरा.

सागवान:
जिन्याला फक्त तिरकं करून भागत नाही. डेकची वरची पट्टी रुंद-चपटी असते, ती मुठीत येत नाही. जिन्याला ३२ ते ५० मिमी व्यासाची गोल दांडी वेगळी लावा, पायरीच्या नाकापासून ८६५ ते ९६५ मिमी उंच, मागे बोटांना ४० मिमी तरी जागा. पायरी, तिची उभी बाजू आणि खालची पट्टी यांच्यात त्रिकोणी पोकळी राहते, तिथे १५० मिमीपर्यंत चालवून घेतात.

सर्वांत हलतो तो जिन्याचा तळचा खांब, कारण तो एकटाच उभा. तो जिन्याच्या बाजूच्या फळीला दोन बोल्टांनी आवळा आणि खाली काँक्रीटच्या ठोकळ्यातही धरा. फळीचं टोक जमिनीत गाडू नका, ब्रॅकेटवर २५ मिमी उचललेलं ठेवा. टोकातून लाकूड पाणी शोषतं आणि जिना तिथूनच कुजतो.