चेक पास झाला, तरी पैसे का अडवता?

वर्कशॉपवाला, उद्यमबाग

बेळगावच्या उद्यमबागेत आमचं कास्टिंग मशिनिंगचं छोटं वर्कशॉप आहे. कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या एका जुन्या पार्टीकडून ९ लाख ४० हजारांचा चेक आला. सोमवारी सकाळी बँकेत लावला, संध्याकाळी जमा झाल्याचा मेसेज आला. मंगळवारी माल देणाऱ्याला आरटीजीएस (खात्यातून खात्यात थेट पैसे पाठवणं) करायला गेलो तर रक्कम खात्यात दिसते, पण हलत नाही. काउंटरवर उत्तर मिळालं, "मोठी रक्कम आहे, व्हेरिफिकेशन चालू आहे." कोण करतंय, कशाचं करतंय, कधी संपणार, काही नाही. मॅनेजर म्हणाले, "होल्ड वरून आहे, आमच्या हातात नाही." शुक्रवारी संध्याकाळी होल्ड निघाला, तोही कुणी कळवलं नाही, मीच ॲप उघडून बघितलं. शनिवारी आमच्याकडं बटवडा असतो. आठवडाभर घाम गाळलेल्या पोरांना "पैसे आलेत पण अडकलेत" असं सांगायची वेळ आली होती.

माझं म्हणणं असं. ४ ऑक्टोबर २०२५ पासून रिझर्व्ह बँकेनं क्लिअरिंगची, म्हणजे बँकांमध्ये चेक वटवायची पद्धत बदलली. आधी दिवसभराचे चेक गठ्ठ्यानं जायचे आणि निकाल दुसऱ्या दिवशी लागायचा. आता चेक जसा स्कॅन होईल तसा पुढं जातो. पैसे देणाऱ्या बँकेनं त्याच दिवशी संध्याकाळी सातपर्यंत हो की नाही सांगायचं, नाही सांगितलं तर चेक पास धरायचा. दोन बँकांमधला हिशेब मिटला की तासाभरात ग्राहकाचे पैसे मोकळे करायचे. (तीन तासांत निकाल देण्याचा दुसरा टप्पा ३ जानेवारी २०२६ ला येणार होता, तो पुढं ढकलला. पहिला टप्पा मात्र लागू आहे.) म्हणजे शिरोलीच्या पार्टीच्या खात्यातून पैसे सोमवारीच गेले. माझ्या हातात आले शुक्रवारी. मधले दिवस ते वापरायचा हक्क कुणाला होता?

निवृत्त बँकवाला, टिळकवाडी

तुमचा राग रास्त आहे, पण रिझर्व्ह बँकेच्या त्या परिपत्रकातला एक तुकडा तुम्ही सोडलात. तासाभरात पैसे मोकळे करा, पण नेहमीची खबरदारी घेऊन, असं त्यात आहे. शाखा बोट ठेवते ते त्या खबरदारीवर.

मुळात चेकचा कागद कुठं असतो ते बघा. पूर्वी तो पैसे देणाऱ्या बँकेत जायचा. कागद, शाई, सही तिथला माणूस बघायचा. २००८ साली दिल्लीत सीटीएस सुरू झालं आणि पुढं देशभर गेलं. त्यात फक्त चेकची प्रतिमा जाते. कागद तुम्ही जिथं लावला तिथंच राहतो, दहा वर्षं जपावा लागतो. म्हणजे नाव धुतलंय का, रकमेत खाडाखोड आहे का, हे डोळ्यांनी बघायची जबाबदारी तुमच्या शाखेवर आली. नोव्हेंबर २०१४ मध्ये रिझर्व्ह बँकेनं सूचना दिल्या: साधारण २ लाखांवरचे चेक अल्ट्राव्हायोलेट दिव्याखाली बघा, ५ लाखांवरचे एकाहून जास्त पातळ्यांवर तपासा, नव्या खात्यांतल्या जमा-खर्चावर बारीक लक्ष ठेवा. त्या दिव्याखाली मी कित्येक चेक धरलेत. एरवी न दिसणारं बँकेचं चिन्ह तिथं उजळून उठतं, आणि रसायनानं अक्षर पुसलेलं असलं तर तेवढाच तुकडा वेगळा दिसतो. संगणकावरच्या प्रतिमेत यातलं काही कळत नाही.

शिवाय चेकच्या कायद्याचं, १८८१ च्या, कलम १३१ आहे. क्रॉस केलेला चेक चोरीचा निघाला तर खरा मालक चेक वटवणाऱ्या बँकेला कोर्टात खेचू शकतो. बँक वाचते ती फक्त सद्भावनेनं आणि निष्काळजीपणा न करता वागली असेल तरच. रक्कम मोठी तशी ही भीती मोठी.

वर्कशॉपवाला, उद्यमबाग

काका, दिवा लावायचा तो स्कॅन करायच्या आधी की पैसे आल्यावर? कागद सोमवारी सकाळी त्यांच्या टेबलावर होता. तेव्हा शंका आली असती तर पुढं पाठवायलाच नको होता. आणि माझं चालू खातं जुनं आहे, त्याच पार्टीचे चेक त्याच खात्यात कितीदा वटलेत. पार्टीनं पॉझिटिव्ह पेमध्ये (चेकचा तपशील आपल्या बँकेला आधी कळवायची सोय) चेकचा नंबर, तारीख, रक्कम, माझ्या फर्मचं नाव, सगळं आधीच भरलं होतं. मग राहिलं काय तपासायचं?

निपाणीकर

मी बँकेच्या बाजूनं बोलणार. व्यापारात उतावीळपणा कसा अंगलट येतो ते बघितलंय. आमच्या पेठेत एकानं बाहेरच्या नव्या गिऱ्हाईकाला तंबाखू दिला. चेक लावला, पासबुकात जमा उमटली, त्या भरवशावर गाडी भरून सोडली. दुसऱ्या दिवशी चेक परत, सही जुळत नाही म्हणून. जमा उलटी फिरली, गाडी गेली ती गेलीच. आता चेक न वटल्याबद्दलची कलम १३८ ची केस. चेक परत आल्याचं कळल्यापासून तीस दिवसांच्या आत नोटीस, मग समोरच्याला पंधरा दिवस, आणि नंतर कोर्टाच्या तारखा. बँकेनं चार दिवस धरून ठेवलं तर मी म्हणेन धरा. बुडाले तर कोण देणार हाय?

सीए, खानापूर रोड

निपाणीकर मामा, तुम्ही सांगताय ती गोष्ट वेगळी आणि उद्यमबागची वेगळी. पासबुकात जमा दिसणं आणि ती रक्कम काढता येणं यात फरक असतो. चेक लावल्यावर काही बँका लगेच जमा दाखवतात, पण काढता येणारी शिल्लक वाढत नाही. तुमच्या पेठेतल्या व्यापाऱ्यानं बघितली ती कच्ची जमा. उद्यमबागच्या दादांचा चेक सात वाजता पास धरला गेला, बँकांचा हिशेब मिटला. त्यानंतर "सही जुळत नाही" म्हणून तो परत येत नाही. त्यामुळं "चेक बाऊन्स झाला तर?" हे कारण सोमवारी रात्रीच संपलं.

हिशेब मिटल्यावरही होल्ड लागू शकतो, त्याची कारणं वेगळी: केवायसीची मुदत संपलेली, खातं नवं, चेकवरचं नाव आणि खात्यावरचं नाव जुळत नाही, सायबर पोलिसांचं पत्र, किंवा खात्याच्या नेहमीच्या उलाढालीत न बसणारी रक्कम. भाड्यानं दिलेल्या खात्यांतून फसवणुकीचा पैसा फिरवतात, म्हणून हल्ली संगणकच मोठी जमा बाजूला काढतो.

नावाचा घोळ आपल्या भागात फार. शाळेच्या दाखल्यावर एक स्पेलिंग, आधारवर कन्नडवरून उतरलेलं दुसरं, जमिनीच्या उताऱ्यावर आडनावच नाही, नुसतं वडिलांचं नाव. पुण्या-मुंबईचा माणूस चेक लिहितो तो त्याला ऐकू येतं तसा. छोटी रक्कम निघून जाते, मोठीला शाखा थांबवते.

नंदगडची लेक

आमच्या बाबांच्या खात्यात १ लाख ८० हजारांचा चेक लावला तेव्हा असंच झालं. बँकेत जो मुलगा होता त्याला मराठी येत नव्हतं, बाबांना कन्नड समजतं पण बँकेतलं कन्नड नाही. दोनदा त्यांना नुसतं "नाळे बा" (उद्या ये) म्हणून परत पाठवलं. मी बेळगावहून गेले तेव्हा कळलं की खातं अपुऱ्या कागदपत्रांवर उघडलेलं "छोटं खातं" आहे. त्यात वर्षाला एकूण १ लाखापर्यंतच जमा चालते, शिल्लक ५० हजारांवर जाता कामा नये आणि महिन्याला १० हजारच काढता येतात. पूर्ण केवायसी दिली आणि मार्ग निघाला. पण हे पहिल्याच दिवशी एका चिठ्ठीवर लिहून दिलं असतं तर म्हातारा माणूस उन्हातून बसनं फेऱ्या मारत बसला नसता. माझा राग उशिराचा नाही, न सांगण्याचा आहे.

सोसायटीत खातं असलेला, हलगा

बँकेचं बोलताय, आमच्याकडं निम्म्या गावाची खाती सौहार्द सोसायटीत, म्हणजे सहकारी पतसंस्थेत. सोसायटी म्हणजे बँक नव्हे, ती क्लिअरिंगला बसत नाही. आपला चेक ती तिच्या स्वतःच्या बँकेतल्या खात्यावर लावणार, तिथं वटणार, मग आपल्याला देणार. उशीर दुप्पट होणारच की. खरं आता मोठा चेक घेतच नाहीत म्हणाले. का?

सीए, खानापूर रोड

कारण अकाउंट पेयी चेक ज्याच्या नावानं आहे त्याच्याच खात्यात गेला पाहिजे. पतसंस्थांच्या सभासदांसाठी रिझर्व्ह बँकेनं सवलत दिलीय ती ५० हजारांपर्यंतच्या चेकसाठीच. त्यावरचा चेक तुमच्या नावाच्या बँक खात्यातच लावा, सोसायटीवर रागवू नका.

कागलजवळचा

२०२६ मध्ये चेक घेताच कशाला? आरटीजीएस डिसेंबर २०२० पासून चोवीस तास चालू आहे. सगळा वादच मिटतो.

वर्कशॉपवाला, उद्यमबाग

देणारा ठरवतो, घेणारा नाही. आमच्यासारख्याला मोठी कंपनी पुढच्या तारखेचे चेक देते, कारण तोवर पैसा तिच्या खात्यात राहतो. "आरटीजीएस करा" म्हटलं तर पुढची ऑर्डर दुसऱ्या वर्कशॉपला. आणि सीमेवर चेकचा त्रास आम्हाला जुनाच आहे. क्लिअरिंगचे तीन ग्रिड, म्हणजे विभाग होते तेव्हा कोल्हापूर मुंबई ग्रिडमध्ये आणि बेळगाव, निपाणी चेन्नई ग्रिडमध्ये. कागल आणि निपाणी यांच्यात अर्ध्या तासाची वाट, पण तिथल्या एखाद्या लहान सहकारी बँकेचा चेक इथं बाहेरगावचा ठरायचा आणि वसुलीला जायचा. सर्वत्र वटणारे मोठ्या बँकांचे चेक तेवढे सुटायचे. आता देशभर एकच ग्रिड आहे. यंत्रणा सुधारली हे मी मनापासून मानतो. म्हणूनच शेवटच्या टेबलावर पैसे अडकले की जास्त लागतं.

नंदगडचा, सध्या न्यू जर्सी

इथला नियम सांगतो, दोन्ही बाजूंना उपयोगी पडेल. अमेरिकेत १९८७ च्या कायद्यानं बँकेला ठरावीक मुदतीत पैसे वापरायला द्यावेच लागतात. चेकच्या जमेतले पहिले २७५ डॉलर साधारण दुसऱ्या कामाच्या दिवशी. एका दिवसात ६,७२५ डॉलरच्या वर चेक लावले तर वरची रक्कम बँक जास्त दिवस रोखू शकते. खातं नवं असेल किंवा चेक बुडेल अशी सबळ शंका असेल तरीही रोखता येते. (हे आकडे जुलै २०२५ पासूनचे.)

आता निपाणीकर मामांचा मुद्दा. इथं चेक खरोखर वटायच्या आधीच पैसे हातात येतात आणि ठग त्याचाच फायदा घेतात. खोटा चेक पाठवायचा, "जास्तीची रक्कम परत पाठव" म्हणायचं; माणूस खात्यात पैसे बघून पाठवतो, आठवड्यानं चेक खोटा निघतो आणि बँक वसुली त्याच्याकडूनच करते. म्हणजे घाईलाही किंमत आहे.

पण नंदगडच्या ताईंचा मुद्दाही इथं कायद्यात आहे. मोठी रक्कम म्हणून रोखली तर बँकेनं ग्राहकाला लेखी कळवायचं: किती रोखली, का रोखली, कधी मिळेल.

वर्कशॉपवाला, उद्यमबाग

मला एवढंच पाहिजे होतं. कारण आणि तारीख असलेला कागद मंगळवारी मिळाला असता तर मी माल देणाऱ्याला तो दाखवला असता, बटवड्यासाठी दुसरीकडून सोय केली असती. रोखू नका असं मी म्हणतच नाही. अंधारात ठेवू नका.

निवृत्त बँकवाला, टिळकवाडी

कारण लेखी देण्यात एक खरी अडचण आहे, ती टाळाटाळ समजू नका. व्यवहार संशयास्पद वाटला तर बँकेला तो केंद्राच्या वित्तीय गुप्तवार्ता विभागाला कळवावा लागतो, आणि कळवल्याचं ग्राहकाला सांगायला मनाई आहे. सांगितलं तर खरा चोर सावध होईल. शंभरातल्या नव्याण्णव जणांच्या बाबतीत तसं काही नसतं, पण कारकुनाला कोणता होल्ड कशासाठी आहे हे दिसतंच असं नाही. म्हणून तो सगळ्यांनाच "वरून आहे" म्हणतो.

वर्कशॉपवाला, उद्यमबाग

मग नव्याण्णव जणांना तरी कारण द्या. शंभराव्याला निदान "अमुक तारखेपर्यंत कळवू" एवढं द्या. त्यात कुठलं गुपित फुटतं?

निपाणीकर

तारीख द्यावी, हे मला पटलं. होल्ड चुकीचा, हे अजून पटलेलं नाही.

निवृत्त बँकवाला, टिळकवाडी

तारीख द्यायला माझाही विरोध नाही. दादा, पैसे मिळाले तरी विषय सोडू नका. प्रत्येक बँकेचं चेक वसुलीचं धोरण जाहीर असतं, त्यात मुदत आणि उशिराबद्दलचं व्याज दिलेलं असतं. मुदतीपेक्षा उशीर झाला तर ते व्याज न मागता मिळायला हवं. शाखेत साधा अर्ज द्या: खाते क्रमांक, चेक क्रमांक, रक्कम, लावल्याची तारीख, जमेच्या मेसेजची तारीख, पैसे मोकळे झाले ती तारीख, खाली दोन मागण्या, होल्डचं कारण आणि धोरणाप्रमाणे व्याज. दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारखेसह पोच घ्या. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडं तक्रार करा. ती विनाशुल्क असते. १४४४८ वर फोन केलात तर कशी करायची ते सांगतात.

नंदगडची लेक

काका, अर्ज मराठीत दिला तर घेतील का?

निवृत्त बँकवाला, टिळकवाडी

द्या, ताई. चार ओळी इंग्रजीत खाली जोडा, म्हणजे वरच्या ऑफिसात तो फिरवत बसणार नाहीत. पोच मात्र मराठीच्या प्रतीवर घ्या.