एमआरआय करून आलेल्यांनो, तुमचा अनुभव सांगा

सोमवारी सासूबाईंच्या कमरेचा एमआरआय आहे. "त्या बोगद्यात किती वेळ गं?" हेच चाललंय त्यांचं. तुम्ही लिहाल ते त्यांना वाचून दाखवणार आहे. सुरुवात माझ्यापासून.

मला धक्का बसला तो आवाजाचा. कानात बोळे, वर हेडफोन, तरी ठकठक आणि मग ड्रिल मारल्यासारखी घरघर. मशीन बिघडलं असं वाटून मी मदतीसाठी हातात दिलेला रबरी फुगा दाबला. मशीन चालवणाऱ्या ताईंनी बाहेर काढून सांगितलं, आवाज चालू आहे तोवर फोटो निघतोय, थांबला की एक संच झाला. एवढं कळल्यावर उरलेली वीस मिनिटं सहज गेली. हे आधी सांगायला काय हरकत होती?

*

माझा मेंदूचा होता. चेहऱ्यावर पिंजऱ्यासारखी कॉइल बसवतात, ती बघूनच मी उठून आले. दुसऱ्या खेपेला आत सरकण्याआधीच डोळ्यांवर रुमाल घेतला आणि शेवटपर्यंत उघडलेच नाहीत. अंगावरचं सगळं धातूचं काढून भाऊ पायाशी उभा होता, त्याचा हात घोट्यावर होता. गुडघ्याचा असेल तर पाय आधी जातात, डोकं बहुतेक बाहेरच राहतं.

*

मी 18 वर्षं लेथवर काम केलं. फॉर्मवर 'डोळ्यात कधी लोखंडाचा कण गेला होता का' असा प्रश्न होता. खरं तेच लिहिलं, तर आधी डोळ्यांचा एक्स-रे काढायला लावला. राग आला होता, पण आत राहिलेला कण मशीनमधल्या मोठ्या चुंबकाने हलला तर नजर जाऊ शकते. पेसमेकर, मेंदूतल्या रक्तवाहिनीवर ऑपरेशनमध्ये बसवलेली क्लिप, काहीही लपवू नका. चुंबक स्कॅन नसतानाही चालूच असतो. 2018 मध्ये मुंबईत ऑक्सिजनचा सिलिंडर घेऊन आत गेलेल्या नातेवाइकाचा जीव गेला. सोबत जाणाऱ्यांनी हे विसरू नये.

*

कॉन्ट्रास्ट, म्हणजे फोटो स्पष्ट यावा म्हणून शिरेतून देतात ते औषध, असेल तर क्रिएटिनिनचा (किडनीसाठीच्या रक्ततपासणीचा) रिपोर्ट न्या, माझी त्यावाचून एक खेप फुकट गेली.

*

सगळं वाचून दाखवलं. सासूबाईंनी एकच विचारलं, "जोडवी निघत नाहीत गं, त्यांचं काय?" रविवारी रात्री कोमट पाण्यात पाय बुडवून साबण लावून बघतो. नाहीच निघाली तर सकाळी सेंटरला फोन करून विचारते.