काशी सहल: बस, विमान की रेल्वे?

सेक्रेटरी (ए-१०२): सुप्रभात मंडळी. नाशिकहून काशीच्या सहलीसाठी १४ नावं आली आहेत. फेब्रुवारीत जायचं नक्की, कसं जायचं ते आज ठरवू या.

निखिल (ए-४०४): ट्रॅव्हल्सची मिनीबस करू. सोसायटीच्या गेटवरून थेट धर्मशाळेच्या दारात. रिझर्व्हेशनची कटकटच नको.

मंदाताई (सी-२०३): अरे, तेराशे किलोमीटर बसून? शिर्डीला जाऊन आले तरी माझे गुडघे दोन दिवस रुसतात.

निखिल: मग ओझरहून विमानाने दिल्ली आणि तिथून काशी.

काळे काका (सी-४०१): तेवढ्या पैशात मी बारा वर्षं आपल्याच गंगेवर (गोदावरीवर) आंघोळ करीन.

वंदना (बी-१०१): 😂😂 काका!

आप्पा (बी-३०१): नमस्कार. मी बोलू का? सगळी नोकरी बुकिंगच्या खिडकीमागे गेली, त्यामुळे मला रेल्वेचं वेड आहे असं ही म्हणते. तरी सांगतो. निखिल, बसला माझा विरोध नाही. पण आपल्यात आठ जण साठीच्या पुढचे आहेत. रेल्वेगाडीत माणूस आडवा होतो, उठून डब्यात फेरी मारतो, आणि मधुमेहवाल्याला दर तासाला ‘जरा थांबवता का’ म्हणत ड्रायव्हरच्या विनवण्या कराव्या लागत नाहीत. पत्ते होतात, गप्पा होतात, समोरच्या कुटुंबाचं लोणचं चाखून होतं. बसमध्ये चौदा जण एकाच दिशेला तोंड करून झोपा काढतात.

काळे काका: मुद्द्याचं बोला आप्पा. स्वस्त पडेल का?

आप्पा: पडेल, पण खिडकीवर नीट मागितलं तर. नाशिकरोडहून काशीला महानगरी एक्सप्रेस पहाटे आहे आणि कामायनी एक्सप्रेस दुपारी. महानगरी जबलपूरवरून जाते, म्हणून मी ती म्हणतो. रेल्वेचं भाडं अंतर वाढेल तसं किलोमीटरमागे उतरत जातं. नाशिकरोड-जबलपूर आणि जबलपूर-काशी अशी दोन तिकिटं काढलीत तर जास्त पैसे जातात. सलग एकच तिकीट काढायचं आणि मध्ये जबलपूरला उतरायचं.

वंदना: एकाच तिकिटावर मध्ये उतरता येतं??

आप्पा: येतं. याला ब्रेक जर्नी म्हणतात, आणि हल्ली कोणी मागतच नाही. तिकीट ५०० किलोमीटरच्या वरचं हवं आणि पहिला मुक्काम ५०० किलोमीटर झाल्यावरच घेता येतो. जबलपूर आपल्याला साधारण ८०० पडतं, म्हणजे बसतं. थांबायचं जास्तीत जास्त दोन दिवस. तिथे उतरल्यावर तिकिटावर स्टेशनमध्ये शेरा मारून घ्यायचा, हे विसरायचं नाही. मोबाइलवर काढलेल्या ई-तिकिटाला ही सोय नाही, खिडकीवरच जावं लागतं. फॉर्म भरतानाच मुक्काम कुठे आणि पुढची गाडी कोणती ते लिहायचं. आरक्षणाचं शुल्क आणि सुपरफास्टचं शुल्क मात्र दोन्ही टप्प्यांना वेगळं लागतं. स्लीपरला ते २० आणि ३० रुपये आहेत, त्यावर रडायचं नाही.

मंदाताई: जबलपूरला काय बघायचं पण?

आप्पा: भेडाघाट! नर्मदेच्या दोन्ही बाजूंना संगमरवराचे कडे, मधून नाव जाते. धुवांधारचा धबधबा. टेकडीवर चौसष्ट योगिनींचं देऊळ, पायऱ्या आहेत, ज्यांना जमेल त्यांनी चढा. राहायला आधी स्टेशनवरची रिटायरिंग रूम बघू. तिकिटावरच्या पीएनआर नंबरवर ऑनलाइन बुक होते, डॉर्मिटरी असेल तर आणखी स्वस्त. शहरात फिरताना सामान क्लोकरूमला ठेवू. बॅगांना कुलूप पाहिजे, नाहीतर घेत नाहीत.

निखिल: हे भारी आहे, मान्य. पण आप्पा, रांगेत कोण उभं राहणार? मी ऑनलाइन दोन मिनिटांत काढतो. खिडकीसाठी नाशिकरोडला जायचं-यायचं, अर्धा दिवस गेला.

आप्पा: सरळ जाऊन येण्याचं तिकीट असतं तर तुलाच सांगितलं असतं. ऑनलाइनला सुविधा शुल्क लागतं, यूपीआयने भरलं तर स्लीपरला १० आणि एसीला २० रुपये अधिक जीएसटी. ते फार नाही. उलट ऑनलाइनचा एक फायदाच आहे. वेटिंग राहिलं तर ते तिकीट आपोआप रद्द होऊन पैसे परत येतात. खिडकीवरचं वेटिंग हातात राहतं, पण मे २०२५ पासून त्यावर आरक्षित डब्यात चढता येत नाही, जनरलमध्येच बसावं लागतं. म्हणून आपल्याला कन्फर्मच हवं आणि त्यासाठी पहिल्या दिवशीच जायला हवं.

सेक्रेटरी: पहिला दिवस म्हणजे कधी? १२० दिवस आधी ना?

आप्पा: ते गेलं. नोव्हेंबर २०२४ पासून ६० दिवस. समजा १० फेब्रुवारीला नाशिकरोडहून निघालो आणि १२ ला जबलपूरहून पुढे, तर दोन्ही टप्प्यांचं आरक्षण उघडलेलं पाहिजे. म्हणजे १२ डिसेंबरला नाही, १४ ला सकाळी ८ वाजता खिडकीवर. दोन दिवस उशीर होतो खरा, पण महाशिवरात्रीच्या आसपासच्या तारखा सोडल्या तर तेवढं चालून जाईल.

काळे काका: जानेवारीतच जाऊ की. थंडी मस्त असते.

आप्पा: थंडी मस्त आणि गाडी सहा तास लेट. उत्तरेत डिसेंबर-जानेवारीत धुकं असतं, फलाटावर कुडकुडत बसायची हौस असेल तर जा.

मंदाताई: 🙏 फेब्रुवारीच. आणि मला खालचा बर्थ पाहिजे बाई. मधल्यावर मी चढणार नाही.

आप्पा: मंदाताई, इथेच सगळे फसतात. एका फॉर्मवर सहा नावं बसतात, म्हणून लोक सहाच्या सहा भरतात. पण पुरुष ६० च्या पुढे आणि बायका ४५ च्या पुढे, त्यांच्यासाठी खालच्या बर्थचा जो कोटा आहे तो एका तिकिटावर एक किंवा दोघं असतील तरच लागतो. तर आठ ज्येष्ठांचे चार फॉर्म, बाकी सहा जणांचा एक. खिडकीवर एका माणसाचा एका वेळी एकच फॉर्म घेतात. म्हणजे रांगेत पाच जण पाहिजेत.

काळे काका: आणि ज्येष्ठांची सवलत? पूर्वी पुरुषांना ४० आणि बायकांना ५० टक्के होती.

आप्पा: मार्च २०२० पासून बंद. त्यावर बोलायला बसलो तर आज जेवण होणार नाही.

वंदना: आप्पा, मुलांचं कसं? मोठा आठ वर्षांचा, धाकटी चार.

आप्पा: धाकटी फुकट. मोठ्याला वेगळा बर्थ हवा तर पूर्ण भाडं, तुमच्याबरोबर झोपवणार असाल तर अर्धं. जवळजवळ एका दिवसाचा प्रवास आहे, मी म्हणेन बर्थ घ्या. तिथे पैसे वाचवून आई-बाप रात्रभर जागे राहतात.

निखिल: एसी की स्लीपर?

आप्पा: ज्याची त्याची आवड. मी स्लीपर, खिडकी उघडता आली नाही तर प्रवास कसला! पण फेब्रुवारीत रात्री गार लागतं, शाल आणि चादर घरूनच. ज्यांना ते नको त्यांनी थर्ड एसी इकॉनॉमी बघा, साध्या थर्ड एसीपेक्षा थोडं कमी लागतं. फक्त सगळ्यांनी एकाच वर्गात या, नाहीतर पत्त्यांचा डाव मोडतो.

मंदाताई: खाण्याचं माझ्याकडे. दशम्या, शेंगदाण्याची चटणी, धपाटे, चिवडा. पहिल्या दिवशी बाहेरचं काही घ्यायचं नाही.

काळे काका: बऱ्हाणपूरची मावा जिलेबी सोडून!

मंदाताई: तुमची साखर किती आहे ते काकू सांगतील.

वंदना: आणि पाणी? मुलांना बाहेरचं नको वाटतं.

आप्पा: रेल नीर घ्या, लिटरची बाटली १४ रुपयांना आहे. विक्रेता जास्त मागायला लागला किंवा टॉयलेट घाण असलं तर १३९ ला फोन करायचा. नुसतं आपापसात कुरकुरायचं नाही.

सेक्रेटरी: मग रेल्वे नक्की? हरकत असेल त्यांनी आत्ता सांगा.

निखिल: माझी हरकत मागे. रांगेत मी एक.

वंदना: आमचे हे दुसरे.

आप्पा: मी तिसरा, काळे चौथे. काळे, नाही म्हणू नका. आणि एक महत्त्वाचं. महानगरी मुंबईहून मध्यरात्रीनंतर सुटते, आपल्याकडे पहाटे येते. तिकिटावर १० तारीख म्हणजे ९ च्या रात्री जेवून घर सोडायचं. दर महिन्याला कोणीतरी १० च्या रात्री सामानसुमान घेऊन खिडकीवर येऊन उभं राहायचं, आणि गाडी पहाटेच गेलेली असायची. त्या वेळी सिटीलिंकची बस मिळणार नाही, दोन-तीन गाड्या आधीच सांगून ठेवू.

सेक्रेटरी: पाचवा मी. सगळ्यांनी नाव, वय आणि वर्ग आज रात्री नऊपर्यंत मला पाठवा, ग्रुपवर नको. नाव आधारवर आहे तसंच लिहा.

मंदाताई: वय पण आधारवरचंच लिहायचं का?

आप्पा: हो मंदाताई. तपासनीस बघतो.

मंदाताई: बरं. पर्सनलवर पाठवते.