मदत हवी आहे : अमेरिकेतील दिवाळखोरी न्यायालयाच्या नोंदींत नेमका खटला कसा शोधावा?

नमस्कार. ज्या कंपनीकडून माझ्या कामाचे पैसे येणे आहे, तिने अमेरिकेतील दिवाळखोरी न्यायालयात ‘चॅप्टर ७’खाली (म्हणजे मालमत्ता विकून देणी भागवण्याच्या दिवाळखोरीसाठी) अर्ज केल्याचे मला तिसऱ्याच व्यक्तीकडून कळले, न्यायालयाची सूचना मला आलीच नाही, त्यामुळे धनकोंच्या यादीत माझे नाव नसावे अशी धास्ती वाटते. स्वेच्छेने केलेल्या अर्जात धनकोला आपल्या येण्याचा दावा अर्जापासून साधारणतः ७० दिवसांत दाखल करावा लागतो, म्हणून घाई आहे.

‘पेसर’ या अमेरिकी संघीय न्यायालयांच्या नोंदी दाखवणाऱ्या संकेतस्थळावर मी खाते उघडले आहे. पानाला १० सेंट आकारतात, तिमाहीत एकूण शुल्क ३० डॉलरपर्यंतच झाले तर ते माफ असते, हे ठीक. परंतु एका दस्तऐवजाला असलेली ३ डॉलरची कमाल मर्यादा नावाने केलेल्या शोधाला लागू नाही, आणि माझा शोध तर नावापाशीच अडला आहे. कंपनीचे नाव अगदी सर्वसामान्य असून अर्ज कोणत्या न्यायालयीन जिल्ह्यात झाला हेही मला ठाऊक नाही.

‘पेसर’च्या ‘केस लोकेटर’ या देशभरातील खटले शोधण्याच्या सोयीत शोधातून येणारी नावे कमी करण्यासाठी आपण कोणते तपशील वापरता? खटला सापडल्यावर धनकोंची यादी कोणत्या दस्तऐवजात पाहावी? अनुभवी सभासदांनी कृपया सविस्तर सांगावे.