लेकीला डीओ मेडिकल स्कूलची ॲडमिशन मिळालीये, घ्यावी की एमडीसाठी पुन्हा अर्ज करावा? (मदत हवी आहे, पुढच्या शुक्रवारपर्यंत ठरवायचंय)

नमस्कार मंडळी,

थोडं लांबण लागेल पण प्लीज शेवटपर्यंत वाचा. डीओ म्हणजे काय ते खाली सांगते. अमेरिकेत मेडिकलला असलेली मुलं, त्यांचे आईवडील किंवा स्वतः डॉक्टर असलेलं कोणी इथे असेल तर फार मदत होईल.

आम्ही न्यू जर्सीत राहतो. लेक २४ वर्षांची, कॉलेज संपून दोन वर्षं झाली. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षी तिने ईएमटीचा, म्हणजे ॲम्ब्युलन्सवर तातडीचे उपचार करण्याचा कोर्स केला, ॲम्ब्युलन्सवर शिफ्ट करायला लागली आणि तेव्हापासून डॉक्टर व्हायचं हे तिच्या डोक्यात पक्कं बसलं. सध्या एका इमर्जन्सी रूममध्ये (ईआर) स्क्राइब आहे, म्हणजे डॉक्टर पेशंटला तपासत असतात तेव्हा शेजारी लॅपटॉप घेऊन उभं राहायचं आणि सगळं टाईप करायचं. जीपीए (कॉलेजच्या मार्कांची सरासरी, ४ पैकी) ३.६८, सायन्सचा जरा कमी म्हणजे ३.५५, एमकॅट (मेडिकलची प्रवेश परीक्षा) ५०८. मागच्या जूनमध्ये एमडीच्या २३ आणि डीओच्या ७ कॉलेजांना अर्ज केले. एमडीकडून इंटरव्ह्यू एकच आला आणि तिथे जानेवारीत वेटलिस्टवर टाकलं. बाकीच्यांचे नकार आले किंवा काहीच आलं नाही. डीओचे दोन इंटरव्ह्यू झाले, त्यातल्या एका ठिकाणी ॲक्सेप्टन्स मिळाला. कॉलेज घरापासून गाडीने तीनेक तासांवर आहे. जागा धरून ठेवायला २००० डॉलर डिपॉझिट पुढच्या शुक्रवारपर्यंत भरायचंय आणि ते परत मिळत नाही.

भारतातल्या वाचकांसाठी सांगते, कारण आमच्या घरच्यांना समजावताना माझी दमछाक झाली. अमेरिकेत डॉक्टर व्हायच्या दोन डिग्र्या आहेत, एमडी आणि डीओ म्हणजे डॉक्टर ऑफ ऑस्टिओपॅथिक मेडिसिन. इथलं एमडी म्हणजे आपल्याकडे एमबीबीएसनंतर करतात ते एमडी नाही, ही पहिलीच डिग्री. डीओची सुरुवात अँड्र्यू टेलर स्टिल नावाच्या डॉक्टरने केली, १८९२ साली मिसुरीतल्या कर्क्सव्हिल गावात पहिलं कॉलेज काढलं. त्या काळी हाडं-स्नायू हाताने दाबून, वळवून उपचार करायचे यावर सगळा भर होता. आता अभ्यास जवळपास सगळा एमडीसारखाच, वर साधारण २०० तास ते हाताचं तंत्र शिकवतात. डीओ औषधं लिहून देऊ शकतो, सर्जरी करू शकतो, पन्नासही राज्यांत पूर्ण लायसन्स मिळतं. ट्रंप यांच्या पहिल्या कारकिर्दीत व्हाइट हाऊसचे डॉक्टर होते ते शॉन कॉन्ली आणि नंतर बायडन यांचे केव्हिन ओ'कॉनर, दोघंही डीओ. इंग्लंड-ऑस्ट्रेलियात ऑस्टिओपॅथ म्हणतात ते मात्र वेगळे, ते फिजिशियन नसतात, आणि गोंधळ सगळा तिथूनच होतो.

तर पुण्याला दिरांना फोन करून सांगितलं, ते म्हणाले, "ऑस्टिओ म्हणजे हाडवैद्य का गं वहिनी?" मग जाऊबाईंनी मागून विचारलं की होमिओपॅथीसारखं आहे का, बीएचएमएससारखं. दोघांनीही चांगल्या मनाने विचारलं, मी नीट समजावून सांगितलंही, पण फोन स्पीकरवर होता आणि लेक समोरच डिशवॉशर रिकामा करत होती. ती काही बोलली नाही. एकेक वाटी पुसून पुसून ठेवत राहिली, वाट्या आधीच कोरड्या होत्या. ते डोळ्यासमोरून जात नाही.

नवऱ्याचं म्हणणं, थांबू या. एक वर्ष काय मोठंसं आहे, एमकॅट परत दे, ५१३-५१४ पर्यंत ने, मेमध्ये फॉर्म उघडले की पहिल्या आठवड्यात भरून मोकळी हो. गेल्या वेळी एमकॅटचा निकाल उशिरा आला म्हणून फॉर्म जूनच्या शेवटी गेला होता, तेही त्यांच्या मनात आहे. शिवाय उद्या तिला ऑर्थोपेडिक्स किंवा डर्मॅटॉलॉजी करावंसं वाटलं तर डीओमुळे दारं बंद होतील, आयुष्यभराचा निर्णय दहा दिवसांत का घ्यायचा. त्यांच्या बोलण्यात तथ्य आहे हे मला मान्य आहे. आम्ही दोघं इथे आलो तेव्हा दोन बॅगा होत्या, त्यांनी बारा-बारा तास काम करून तिला शिकवलंय, तिला सगळ्यात चांगलं मिळावं असं त्यांना वाटणारच.

लेक म्हणते, "आई, मला पेशंट बघायचेत, मी अजून एक वर्ष अर्ज लिहीत नाही बसणार." पण परवा रात्री दीड वाजता पाणी प्यायला उठले तर ही लॅपटॉपवर एमकॅटच्या तारखा बघत बसलेली. म्हणजे तिचंही मन पूर्ण तयार नाही, की आम्हाला वाईट वाटतंय म्हणून ती बघत होती, मला कळत नाही आणि विचारायचा धीर होत नाही.

मी वाचलंय ते असं: डिग्रीनंतर हॉस्पिटलात जे प्रशिक्षण घ्यावं लागतं ती रेसिडेन्सी, आणि तिच्या जागा देशभर एकदम वाटतात ती मॅच. २०२५ च्या मॅचमध्ये शेवटच्या वर्षाच्या एमडी विद्यार्थ्यांपैकी ९३.५ टक्के आणि डीओंपैकी ९२.६ टक्के मुलांना रेसिडेन्सी मिळाली. २०२० पासून दोघांच्या रेसिडेन्सी एकाच छत्राखाली आल्यात. हे आकडे वाचून बरं वाटतं, पण कुठली रेसिडेन्सी मिळाली ते त्यात दिसत नाही ना.

पैशाचंही आहेच. १ जुलै २०२६ पासून नवीन विद्यार्थ्यांना ग्रॅड प्लस हे सरकारी लोन बंद, फेडरल लोन वर्षाला ५० हजार आणि एकूण २ लाखांपर्यंतच. या कॉलेजचा फी, भाडं, सगळं धरून वर्षाचा खर्च ९० हजारांच्या आसपास जातो, म्हणजे वरचं प्रायव्हेट लोन आम्हाला सही करून काढावं लागेल. अर्थात पुढच्या वर्षी प्रायव्हेट एमडी कॉलेज मिळालं तरी हेच गणित आहे, त्यामुळे यावर निर्णय अडू नये असं मला वाटतं.

तर मला खरंखरं सांगा. हातातली जागा सोडून पुन्हा अर्ज केला तर ते कॉलेजांना वाईट दिसतं का? रोजच्या कामात डीओ म्हणून काय सोसावं लागतं, लागत असेल तर? आणि जे मला सगळ्यात जास्त खातंय ते हे, की आम्ही थांब म्हणतोय ते तिच्यासाठी की चार लोकांत सांगायला सोपं जावं म्हणून. माझे आजोबा कराडजवळ एका गावात प्रॅक्टिस करायचे, एलसीपीएस हा जुना डॉक्टरी डिप्लोमा केलेले, एमबीबीएससुद्धा नाही. रात्री-अपरात्री बैलगाडीतून बाळंतिणी यायच्या. मी त्यांच्याच घरात वाढले, आणि तरी मला लेकीच्या नावापुढे कुठली दोन अक्षरं येणार याने झोप लागत नाहीये, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

---

प्रतिसाद:

ताई, मी डीओ आहे, मूळ नाशिकचा, इंटरनल मेडिसिनच्या रेसिडेन्सीत शेवटच्या वर्षाला. ऑन कॉल आहे म्हणून तुटक लिहितो.

माझं मत स्पष्ट आहे, जागा सोडू नका. हातातला ॲक्सेप्टन्स सोडून पुन्हा अर्ज करणाऱ्याकडे कॉलेजं संशयानेच बघतात, डीओवाले तर नक्कीच विचारणार की मागच्या वर्षी नको होतं मग आता का आलीस. एमडीला दरवर्षी साधारण ५२ हजार मुलं अर्ज करतात आणि २३ हजारांच्या आसपास आत जातात. ज्यांना मिळत नाही त्यांच्यात तुमच्या मुलीसारखी चांगली मुलं भरपूर असतात. ५०८ चे ५१४ होतीलच याची खात्री नाही, ५०७ झाले तर? माझ्या ओळखीतल्या एकाने असंच डीओ सोडलं होतं, दुसऱ्या वर्षी दोन्हीकडून काही आलं नाही, तिसऱ्या वर्षी डीओलाच गेला. दोन वर्षं गेली. तुमचे मिस्टर म्हणतात एक वर्ष काय मोठंसं, पण ते वर्ष सुरुवातीचं जात नाही हो, शेवटचं जातं, पूर्ण डॉक्टर म्हणून कमावण्यातलं.

आता जे खरंच सोसावं लागतं ते सांगतो. डीओला लायसन्ससाठी कॉमलेक्स परीक्षा द्यावीच लागते, आणि चांगल्या ठिकाणी जायचं तर बहुतेक मुलं यूएसएमएलई, म्हणजे एमडीवाल्यांची परीक्षा, पण देतात, म्हणजे दोन्हींचा अभ्यास आणि दोन्हींच्या फिया. यूएसएमएलईचा पहिला टप्पा, स्टेप वन, २०२२ पासून नुसता पास-नापास झाल्यामुळे सगळा भार आता स्टेप टूच्या मार्कांवर आलाय. ऑर्थो, डर्म, न्यूरोसर्जरी, प्लास्टिक हे डीओला खरंच अवघड जातं, अशक्य नाही पण अवघड, यात तुमच्या मिस्टरांचं बरोबर आहे. मुलीला इमर्जन्सी आवडत असेल तर तिथे डीओ भरपूर आहेत, फॅमिली, इंटरनल, पीडियाट्रिक्समध्येही तसंच. हाताच्या तंत्राचं म्हणाल तर पहिली दोन वर्षं दर आठवड्याला लॅब असायची, टेबलावर एकमेकांच्या पाठी-मानेवर सराव. त्यातलं कवटीच्या हाडांचं जे शिकवतात ते मला तेव्हाही पटलं नाही, आजही पटत नाही. पण पेशंटला हात लावून नीट तपासायची सवय लागली ती तिथेच. वॉर्डात मला आजवर दोन पेशंटनी विचारलं असेल डीओ म्हणजे काय, दोन वाक्यांत उत्तर देऊन पुढे गेलो.

एमडी-डीओपेक्षा जास्त महत्त्वाचं ते रोटेशनचं, म्हणजे हॉस्पिटलात वेगवेगळ्या विभागांत फिरून शिकण्याचं, विचारा. बऱ्याच डीओ कॉलेजांना स्वतःचं हॉस्पिटल नसतं. मी तिसऱ्या वर्षात चार गावं बदलली, दर दोन-तीन महिन्यांनी गाडीत गाद्या भरायच्या. एका ठिकाणी सर्जरीच्या रोटेशनला रेसिडेंटच नव्हते, नुसतं एका सर्जनच्या मागे उभं राहायचं, शिकवायला कोणी नाही. तर तिला कॉलेजला सरळ ईमेल करू दे: तिसऱ्या वर्षी मुलं कुठल्या हॉस्पिटलला जातात, तिथे रेसिडेंट आहेत का, कॉमलेक्स पहिल्या फटक्यात किती पास होतात, किती मुलं मधेच गळतात, गेल्या तीन वर्षांची मॅच लिस्ट, म्हणजे कोणाला कुठली रेसिडेन्सी मिळाली ती यादी. कॉलेज अगदी नवीन असेल आणि एकही बॅच बाहेर पडली नसेल तर मात्र माझं मत थोडं बदलेल.

आणि वेटलिस्ट सोडू नका. डिपॉझिट भरलं म्हणजे वेटलिस्ट संपली असं नाही. ३० एप्रिलच्या सुमाराला ज्यांच्याकडे एकाहून जास्त जागा असतात ती मुलं बाकीच्या सोडतात, मग याद्या हलायला लागतात, जुलैपर्यंतसुद्धा फोन येतात. आला तर २००० डॉलर गेले म्हणायचं आणि डीओला लगेच कळवायचं म्हणजे ती जागा दुसऱ्या कोणाला मिळेल. फक्त डीओचे वर्ग एकदा सुरू झाले की मागे बघायचं नाही, तिथे बसून एमडीला पुन्हा अर्ज करायचा विचार असेल तर तो आजच सोडा.

---

धागाकर्ती:

ऑन कॉल असताना इतकं लिहिलंत, खूप खूप आभार. तुमचा प्रतिसाद मी आधी नवऱ्याला वाचून दाखवला, "शेवटचं वर्ष जातं" इथे ते थांबले आणि म्हणाले परत वाच.

कॉलेज नवीन नाही, बऱ्याच बॅचेस बाहेर पडल्यात. लेकीने आज सकाळी तुम्ही सांगितलेले प्रश्न ईमेल केले आणि दुपारीच उत्तर आलं, रोटेशन मुख्यतः दोन हॉस्पिटलमध्ये असतात, दोन्हीकडे रेसिडेंट आहेत, एक तर तिच्या सध्याच्या ईआरइतकंच मोठं आहे. मॅच लिस्टही पाठवली. ती लिस्ट प्रिंट करून जेवणाच्या टेबलावर घेऊन बसली, इमर्जन्सी मेडिसिनला हिरव्या पेनने खुणा केल्या, तीन वर्षांत पानभर हिरवं झालं. नवऱ्याने ऑर्थो शोधलं, दोन सापडले. "दोन तरी आहेत," म्हणाले.

मग मी धीर करून त्या रात्रीचं विचारलं, एमकॅटच्या तारखा का बघत होतीस. म्हणाली, "बाबांना ना म्हणायच्या आधी एकदा मनापासून विचार करून बघावा म्हणून." मला त्यावर काही बोलता आलं नाही.

डिपॉझिट उद्या भरतोय. आता एकच विचारायचंय, वेटलिस्टवाल्या कॉलेजला आम्हालाच यायचंय असं जे पत्र पाठवतात ते आत्ता फेब्रुवारीतच पाठवावं की एप्रिलमध्ये, याद्या हलायच्या तोंडावर? आणि ईआरमधल्या ज्या डॉक्टरांबरोबर ती काम करते त्या नवीन शिफारसपत्र द्यायला तयार आहेत, ते सोबत जोडलं तर चालतं का की नुसतं तिचंच पत्र पाठवायचं?