बँक स्टेटमेंट कन्व्हर्ट करून हिशोबात घ्यावं की एकेक एंट्री हातानं मारावी?

त्रिमूर्तीनगरवाला
मागच्या महिन्यात माझ्या पगाराच्या आणि बाबांच्या पेन्शनच्या खात्याचं २०२४-२५ चं पूर्ण स्टेटमेंट ग्नूकॅश या हिशोबाच्या सॉफ्टवेअरमध्ये घ्यायला बसलो, दोन रविवार त्यातच गेले, तरी माझं मत पक्कं आहे की हेच करायला पाहिजे, टाइप करत बसू नये. यूपीआय आल्यापासून चहा, भाजी, ऑटो सगळं खात्यातूनच जाते, वर्षाच्या नऊशेवर एंट्र्या होतात, त्या कोण मारणार?

अडचण सॉफ्टवेअरची नाई, फाइलची आहे. ग्नूकॅश तीन प्रकारच्या फाइल घेते, क्यूआयएफ, ओएफएक्स आणि सीएसव्ही. ओएफएक्स सगळ्यात बरं, त्यात दर व्यवहाराला बँकेनं दिलेला आयडी असतो, तीच फाइल चुकून दोनदा टाकली तरी एंट्री डबल होत नाई. हा फॉरमॅट १९९७ पासून आहे, पण माझी बँक पीडीएफ नाहीतर एक्सेल एवढंच देते. त्या एक्सेलमध्ये वरच्या वीसेक ओळी नाव, पत्ता, आयएफएससीच्या, खाली सूचना, काढलेले पैसे एका कॉलममध्ये, जमा झालेले दुसऱ्या. हे साफ करायला अर्धा तास, त्याचं काही नाई.

फसलो तो तारखेत. लॅपटॉपवर तारखेची सेटिंग अमेरिकन होती, त्यामुळे ०१/०४ म्हणजे आपला १ एप्रिल एक्सेलनं ४ जानेवारी समजला, आणि कॉलम एकसारखा दिसावा म्हणून मी वरून दिवस-महिना-वर्ष फॉरमॅट लावला आणि चूक पक्की केली. १३ तारखेपासूनच्या एंट्र्या बरोबर राहिल्या, कारण तेरावा महिना नसतो. माझा पगार १ तारखेचा. एप्रिल ते डिसेंबरचे नऊ पगार जानेवारी २०२४ मध्ये जाऊन बसले! आणि शेवटची शिल्लक पैशापर्यंत जुळत होती, म्हणून मी निश्चिंत होतो. दोष माझा, पद्धतीचा नाई. तुम्ही लोक कसं करता?

जमाखर्चाची वही
मी कॅशियर म्हणून निवृत्त झाले, तुझ्याशी अजिबात सहमत नाही रे. हातानं लिहिणाऱ्यानं नऊ पगार एका जानेवारीत लिहिले असते का? लिहिताना डोळा प्रत्येक रकमेवर जातो. मी रोज रात्री जेवण झाल्यावर दहा मिनिटं बसते, त्या दिवसाच्या चार-पाच एंट्र्या करते, महिनाअखेरीला पासबुकाशी टिक मारत जाते. असंच करताना मला दिसलं की खात्यातून दर महिन्याला एका विम्याचा हप्ता कटत होता जो मी घेतलाच नव्हता, शाखेत जाऊन अर्ज दिला तेव्हा बंद झाला. तू नऊशे ओळी एका झटक्यात आत ढकलल्यास, त्यात असा हप्ता असेल तर तुला कधी दिसणार? आणि वर्षाचं काम वर्षाच्या शेवटी काढलंस म्हणून ते नऊशे झालं.

बर्डीचा भाऊ
अबे एवढं काऊन करून राहिले, पीडीएफ टाकली की एक्सेल देते अशा साइट आहेत, पासवर्ड काढून अपलोड करा, दोन मिनिटांत होते.

त्रिमूर्तीनगरवाला
@बर्डीचा भाऊ हे मात्र कोणी करू नका, हात जोडून सांगतो. स्टेटमेंटमध्ये फक्त रकमा नसतात भाऊ. पत्ता, खाते नंबर, पगार किती, भाडं कोणाला, कोणत्या दवाखान्यात कधी पैसे दिले, सगळं त्यात असते. आणि बाबांचं खातं बाबांचं आहे, ते अनोळखी सर्व्हरवर टाकायचा हक्क मला नाई. पीडीएफमधून टेबल काढायला टॅब्युला आहे, फुकट आहे, आपल्याच कॉम्प्युटरवर चालते.

बर्डीचा भाऊ
बरं, हे पटलं. मग ते अकाउंट अ‍ॅग्रीगेटर काऊन नाई वापरत? रिझर्व्ह बँकेचीच परवानगी असते त्याला.

इतवारी ऑडिट
त्याचा इथे उपयोग नाही. रिझर्व्ह बँकेचे नियम २०१६ चे, प्रत्यक्ष सुरुवात २०२१ ला, आणि त्यातून तुमच्या संमतीनं माहिती जाते ती नियामकाकडे नोंदलेल्या संस्थेकडे, म्हणजे कर्ज देणारी बँक वगैरे. तुमच्या घरच्या ग्नूकॅशकडे नाही.

मी सीए ऑफिसात हेच काम करतो, रोज पाच-सहा पार्ट्यांची स्टेटमेंटं येतात, हातानं मारणं शक्यच नाही, त्यामुळे काकूंशी मतभेद आहे, पण त्यांची एक गोष्ट खरी, तपासल्याशिवाय आत घ्यायचं नाही. शेवटची शिल्लक जुळली याला तपासणी म्हणत नाहीत, तारखा कितीही उलट्यापालट्या झाल्या तरी बेरीज तीच येते. स्टेटमेंटमध्ये प्रत्येक ओळीला शिल्लक दिलेली असते ना, आधीची शिल्लक वजा खर्च अधिक जमा बरोबर ही शिल्लक, एवढा फॉर्म्युला खालपर्यंत ओढा. मग तारखेप्रमाणे सॉर्ट करून परत बघा. तारीख चुकली असेल तर तिथेच साखळी तुटते.

आणि सीएसव्ही असेल तर डबल-क्लिक करून एक्सेलमध्ये उघडू नका. यूपीआयचा १२ आकडी रेफरन्स नंबर ४.१२ई+११ असा दिसायला लागतो आणि सेव्ह केलं की तसाच जातो. तो गेला की एकाच दिवशी २० रुपयांचे दोन चहा वेगळे ओळखायचे कसे? लिब्रेऑफिस या एक्सेलसारख्याच फुकट सॉफ्टवेअरमध्ये उघडा, कोणता कॉलम कसा वाचायचा ते आधीच विचारतं, तिथे तारखेच्या कॉलमला दिवस-महिना-वर्ष आणि रेफरन्सला मजकूर निवडा.

जमाखर्चाची वही
साखळीचं बरोबर आहे, आम्हीही लेजरला तसंच बघायचो. पण मी वही सोडणार नाही. एटीएममधून २००० काढले, एवढंच स्टेटमेंट सांगतं. पुढे त्यातले ३०० पोळ्यावाल्या बाईंना, १२० इस्त्रीवाल्याला आणि बाकीचे गोकुळपेठेच्या बाजारात गेले, ते कोणत्या फाइलमध्ये येतं?

त्रिमूर्तीनगरवाला
काकू, रोकडीचं ते तुमच्यासारखंच हातानं करावं लागेल, दुसरा रस्ता नाई. सॉर्ट करून बघितलं तर पहिल्या पगारानंतर लगेच साखळी तुटली. आता सगळ्या एंट्र्या काढून मूळ फाइलपासून परत घेतो, आणि या वेळी दर महिन्याची वेगळी फाइल, म्हणजे सरासरी पंच्याहत्तर-ऐंशी ओळी, त्या एकेक वाचूनच आत घेईन. तुमच्या त्या विम्यासारखा हप्ता बाबांच्या खात्यात आहे का ते आधी बघतो.